चावीचे घड्याळ आणि मालकीचा अर्थ

एखाद्या वस्तूच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होऊ लागला की ती टाकून द्यावी, असे व्यवहार सांगतो. या नियमात काही वावगे आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु चावीचे स्वस्त घड्याळ वापरणाऱ्या माणसापुढे हा नियम दर चार-पाच वर्षांनी येऊन उभा राहतो आणि मालकी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही.

आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. एचएमटी या सरकारी उद्योगाने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळुरू येथे मनगटी घड्याळांचा कारखाना उभारला. त्यांचे 'जनता' हे घड्याळ नावाप्रमाणेच सामान्यांच्या मनगटावर आले : सतरा खड्यांचे, रोज हाताने चावी द्यावी लागणारे. त्यातील तोलचक्र तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. एवढे चालणाऱ्या यंत्रातले तेल कालांतराने सुकते आणि सुक्या तेलावर फिरणाऱ्या चाकांच्या आसांची टोके झिजू लागतात. म्हणून घड्याळ सुरळीत चालत असतानाही ते अधूनमधून उघडून, धुऊन, पुन्हा तेल घालून घ्यावे लागते.

हा खटाटोप उपयुक्ततेच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. १९६९च्या डिसेंबरात सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढे सेलची घड्याळे स्वस्त होत गेली. साधे सेलचे घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते. चावीचे साधे घड्याळ एका दिवसातच तेवढे मागेपुढे होऊ शकते. ज्याला केवळ वेळ हवी, त्याने सेलचे घड्याळ घेतले यात त्याचे काहीच चुकले नाही.

मग दुरुस्तीवर पैसे खर्चण्यामागे केवळ भावविवशता आहे काय? मला तसे वाटत नाही. वरील व्यावहारिक नियम दोन भिन्न गोष्टी एका तराजूत घालतो. घड्याळाची मूळ किंमत कमी असते, कारण कारखान्याचा खर्च लक्षावधी नगांवर विभागला जातो. दुरुस्ती मात्र एका माणसाच्या बोटांची, डोळ्यांची आणि वेळेची असते. ती कोणावर विभागता येत नाही. तेव्हा दुरुस्ती 'महाग' आहे या म्हणण्याचा अर्थ इतकाच, की यंत्राने केलेले काम स्वस्त पडते आणि माणसाने केलेले पडत नाही. त्यावरून वस्तू टाकाऊ ठरवताना आपण नकळत डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजीचे कसबही टाकाऊ ठरवत असतो.

यावर असा आक्षेप घेता येईल, की घड्याळाला सुखदुःख नाही; त्याच्याविषयी आपले कर्तव्य कसे संभवेल? आक्षेप खरा आहे. कर्तव्य वस्तूप्रती नसतेच. ते असते ज्यांचे श्रम तिच्यात साठले आहेत त्यांच्याप्रती, आणि आपल्यानंतर ती ज्याच्या हाती जाईल त्याच्याप्रती. गांधीजींनी संपत्तीच्या संदर्भात मांडलेला विश्वस्ताचा विचार मनगटावरच्या लहानशा यंत्रालाही लागू पडतो. कायदा मालकाला वस्तू वापरण्याचा, विकण्याचा, मोडण्याचाही अधिकार देतो. सांभाळण्याचे बंधन मात्र मालकाने स्वतःच स्वीकारावे लागते.

परंतु सांभाळाच्या नावाखाली काय चालते, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर एक घड्याळ जगवायचे तर पुष्कळदा दुसरे मोडून त्याचा भाग काढावा लागतो. जे खरोखरच मोडीत निघाले आहे त्याचा भाग घेणे योग्य. चालते घड्याळ केवळ सुट्या भागांसाठी फोडणे योग्य नव्हे. तबकडी नव्याने रंगवून घेणे ही दुरुस्ती. तीच तबकडी मूळची म्हणून विकणे ही फसवणूक. दोहोंतला फरक रंगात नसून सांगण्यात आहे. आणि हौसेने घेतलेली वीस घड्याळे डबीत पडून असतील, त्यांतले तेल सुकत असेल, तर तिथे मालकी आहे, सांभाळ नाही. स्वस्त वस्तूंच्या बाबतीत हा मोह अधिक, कारण प्रत्येक खरेदी क्षुल्लकच वाटते.

म्हणून किती घड्याळे बाळगावीत याचे माप खिशावरून ठरू नये. रोज ठरावीक वेळी चावी द्यावी, हाताला अडसर जाणवताच थांबावे, पाण्यापासून व चुंबकापासून जपावे, आणि काही वर्षांनी जाणत्या हाती सोपवावे : एवढे ज्यांच्यासाठी आपल्याकडून होईल, तेवढीच आपली. उरलेली, ज्याला ती वापरायची आहे अशा माणसाला देऊन टाकावीत. जाताना त्यांचे काय बदलले आहे, तेही सांगावे.