दिवसाचं माप

एका गावात एक म्हातारा शिंपी राहत होता. बाजाराच्या तोंडाशी त्याचं छोटं दुकान होतं. एक पायमशीन, एक फळी आणि भिंतीला टांगलेले कपडे, एवढाच पसारा. जाणारा-येणारा उंबऱ्याशी थांबून दोन शब्द बोलून पुढे जाई. सगळे त्याला अण्णा म्हणत.

एका रात्री अण्णांची लघवी अडकली. पोट फुगलं, अंगाला घाम फुटला. मुलानं पहाटेच तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीची वाट दबली होती. डॉक्टरांनी नळी घातली आणि थोड्या वेळात अण्णांना हलकं वाटलं. ऑपरेशन करायला हवं होतं, पण हृदय अशक्त होतं. आधी हृदय सावरू, मग ऑपरेशनचं पाहू, असं ठरलं. तोवर काही महिने नळी राहणार होती. नळीला २ लिटरची पिशवी जोडून त्यांना घरी पाठवलं.

पिशवी खाटेच्या दांडीला अडकली आणि अण्णा खाटेला अडकले. कुणी भेटायला आलं की ते पिशवीवर टॉवेल टाकत. नात जवळ आली की भिंतीकडे तोंड करत. दुकानाला कुलूप लागलं. पिशवी भरली की सुनेला ती रिकामी करावी लागे, याची त्यांना फार लाज वाटे. म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं.

बायको म्हणे, "अहो, घोटभर तरी प्या."

अण्णा मान हलवत आणि पेला बाजूला सारत. लघवी गडद झाली, जळजळू लागली. तरी ते बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आलं. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. अण्णांनी पिशवी कापडी झोळीत घातली, झोळी खांद्याला लावून काखेत धरली आणि वरून उपरणं ओढलं. मांडवात कुणाला काही कळलं नाही. पण पिशवी पोटाच्या वर राहिली होती. लघवी खाली उतरेना, नळीतली मागे फिरू लागली. ओटीपोट दुखायला लागलं. अक्षता पडल्या आणि ते न जेवताच घरी परतले. दुसऱ्या रात्री थंडी वाजून ताप भरला.

पुन्हा दवाखाना. जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी नळी बदलली, औषध सुरू केलं. ताप उतरल्यावर एका दुपारी वॉर्डातली सिस्टर स्टूल ओढून अण्णांच्या खाटेजवळ बसली.

"अण्णा, घरी तुमचा दिवस कसा जातो?"

"कसला दिवस, मुली? खाटेवर पडून असतो."

"आजाराच्या आधी कसा जायचा?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले. सकाळी देवपूजा, मग दुकान. दिवसभर मशीनवर बसणं. संध्याकाळी पारावर गप्पा. सिस्टरनं मध्ये न बोलता सगळं ऐकलं.

"अण्णा, तुम्हाला दिली ती पिशवी झोपून असलेल्या माणसाची आहे. तुम्ही बसून काम करणारे. तुम्हाला पायाला बांधायची पिशवी हवी."

अशी पिशवी असते हेच अण्णांना ठाऊक नव्हतं. गावच्या मेडिकलमध्ये ती कधी दिसली नव्हती. मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन घेऊन आला. ५०० मिलिलिटरची, पायजम्याच्या आत सहज मावणारी.

अण्णांच्या बंडीच्या खिशात टेप कायम असे. सिस्टरनं तो मागून घेतला आणि मांडीपासून पोटरीपर्यंतचं माप घेतलं. "तुम्ही बसून असता, म्हणून पिशवी पोटरीवर बांधू. मूत्राशयाच्या खाली राहिली तरच लघवी उतरेल. म्हणून लांब नळीची मागवली. मशीनचं चाक कुठल्या बाजूला असतं?"

"उजव्या."

"मग बसताना डाव्या पायाला बांधा. नळी चाकात जायला नको."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. वर्षानुवर्षं त्या चाकाशी बसले होते, पण ही गोष्ट त्यांच्या मनात आली नव्हती.

सिस्टरनं त्यांचे हात आधीच पाहिले होते. कात्री धरून धरून अंगठ्याचा सांधा आखडला होता. म्हणून पिशवीचा तळाचा नळ तिनं बोटानं नुसता खाली पाडून उघडेल असा मागवला होता. मग एकेक गोष्ट करून दाखवली आणि अण्णांकडून करून घेतली. आधी हात धुवायचे. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरू द्यायची नाही, कारण वजनानं नळी ओढली जाते. नळाचं तोंड भांड्याला लागू द्यायचं नाही. नंतर ते पुसायचं आणि पुन्हा हात धुवायचे. नळी मांडीला चिकटपट्टीनं धरून ठेवायची, म्हणजे नळीला आत धरून ठेवणाऱ्या फुग्याला हिसका बसत नाही. रात्री पायाच्या पिशवीच्या नळाला मोठी पिशवी जोडायची, नळ उघडा ठेवायचा आणि मोठी पिशवी जमिनीला न टेकवता खाटेला खाली अडकवायची. नळी आणि पायाची पिशवी यांचा जोड मात्र उगाच सोडायचा नाही, तिथूनच जंतू शिरतात. पिशवी बदलायची ती आठवड्यानं.

"आणि पाणी?" अण्णांनी हळूच विचारलं.

"तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलंय. तेवढं रोज प्यायचंच. पाणी कमी केलं की लघवी दाट होते, नळीत गाळ धरतो, जंतूंना बरं पडतं. दोन-तीन तास पिशवीत काहीच आलं नाही, तर आधी नळी कुठे दुमडली का पाहा. तरी लघवी येत नसेल किंवा पोट दुखत असेल, ताप आला, रक्त दिसलं, तर थांबू नका. सरळ इकडे या."

अण्णा घरी आले. पिशवीचे रबरी पट्टे पोटरीला काचत होते. त्यांनी मऊ सुती कापड घेतलं, पोटरीचं माप घेतलं आणि पिशवीसाठी एक खोळ शिवली. पायजम्याच्या डाव्या शिवणीला खालून वीतभर चेन बसवली, म्हणजे पायजमा न काढता नळ हाताशी येई. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं कुलूप काढलं. पिशवी आता ते स्वतः रिकामी करत. पाण्याचा तांब्या मशीनजवळ असे.

गोष्ट हळूहळू गावात पसरली. एक दिवस एक भाजीवाली आली. तिलाही नळी होती. अण्णांना आनंद झाला. त्यांनी आपल्यासारखीच खोळ तिला मनापासून शिवून दिली, पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी ती परत आली. खोळ तिच्या हातात होती.

"अण्णा, हे माझ्यानं व्हायचं नाही."

अण्णा खट्टू झाले. पुढच्या तपासणीला गेल्यावर त्यांनी सिस्टरला सांगितलं, "माझ्यासारखीच दिली, तरी तिला जमली नाही."

सिस्टर म्हणाली, "अण्णा, तिचा दिवस विचारलात का?"

अण्णा परतीच्या एसटीतून उतरले ते थेट तिच्या घरी गेले. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं. ती डोक्यावर पाटी घेऊन दिवसभर वाड्यावस्त्यांवर फिरे. लुगडं वर खोचलेलं असे. पोटरीवरची पिशवी लोकांना दिसे आणि चालताना ओढ बसे. तिला मांडीला बांधायची, आखूड नळीची पिशवी हवी होती. विसाव्याला ती उकिडवी बसे, तेव्हा गुडघे वर येत आणि मांडीवरची पिशवीही मूत्राशयाच्या वर गेली असती. म्हणून तिनं पाय खाली सोडून ओट्यावर किंवा दगडावर बसायचं, असं दोघांनी ठरवलं. सिस्टरला विचारलं, तिनंही मान डोलावली. अण्णांनी नवी खोळ शिवली. ती जमली.

मग एका आईनं आपल्या मुलाबद्दल विचारलं. तो नारळाच्या झाडावरून पडला होता आणि चाकाच्या खुर्चीत बसून असे. अण्णांनी टेप बाहेर काढण्याआधी त्याचा दिवस विचारला. मुलगा म्हणाला, "पायाला काही कळत नाही, अण्णा. पट्टा रुतला तरी समजत नाही." अण्णांनी त्याच्यासाठी कुठेही न आवळणारी रुंद, सैल खोळ शिवली. आईला सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ खोळ काढून कातडी बघत जा. लाल झाली असेल तर पिशवी दुसऱ्या पायाला बांध." मुलानं पुढे बाजारात मोबाईल दुरुस्तीचं टेबल मांडलं.

काही महिन्यांनी अण्णांचं हृदय सावरलं, ऑपरेशन झालं आणि नळी निघाली. खोळी शिवणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

नळी हे काही लपवण्यासारखं पाप नाही. म्हातारपणी, आजारात, अपघातानं ती कुणालाही लागू शकते. पोटरीची की मांडीची, लहान की मोठी, कुठल्या नळाची, हे त्या माणसाच्या चालण्या-बसण्यावर, हातांच्या ताकदीवर आणि कामावर ठरतं. एकाला सोयीची झालेली वस्तू प्रेमानं दुसऱ्याला दिली, तरी ती त्याच्या सोयीची होईलच असं नाही. अण्णांची माया पहिल्या खोळीतही होती, पण ती उपयोगी पडली दुसऱ्या खोळीत, भाजीवालीला विचारल्यावर. आजारी माणसाचं दुखणं आपण विचारतो, औषध विचारतो. त्याला दिवस कसा घालवायचा आहे, हेही विचारावं, आणि मग त्याप्रमाणे मदत करावी. अशी मदत माणसाला पुन्हा त्याच्या कामाला लावते.