घरातील जखमी जीव आणि गृहस्थाचा धर्म

गृहस्थाश्रमाची थोरवी शास्त्रकारांनी मुक्तकंठाने वर्णिली आहे. परंतु त्याच गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने आहेत, हेही त्यांनी लपवून ठेवलेले नाही. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने होत. मनुस्मृतीत त्यांना ‘पंचसूना’ हे नाव आहे. चुलीत किडा जळतो, उखळात मुंगी कुटली जाते, केरसुणीखाली कितीतरी सूक्ष्म जीव चिरडतात. यात कोणाचाही हेतू नसतो. तरीही दोष घडतोच, असे मानून त्याच्या निष्कृतीसाठी नित्याचे पंचमहायज्ञ सांगितले गेले आणि त्यांतील भूतयज्ञात कुत्रा, कावळा, किडामुंगी यांच्यासाठी अन्नाचा वाटा काढून ठेवण्याची आज्ञा झाली. नकळत मेलेल्या मुंगीचाही हिशेब ठेवणारा हा धर्म आहे. मग जाणूनबुजून पकडलेल्या आणि अर्धमेल्या स्थितीत उकिरड्यावर टाकलेल्या उंदराचा हिशेब आपल्या घरात कोण ठेवतो?

हल्ली बाजारात चिकट गोंद लावलेले पुठ्ठे मिळतात. रात्री कोठीच्या खोलीत तो पुठ्ठा ठेवावयाचा, की सकाळी उंदीर त्यावर चिकटलेला असतो. तो मेलेला नसतो. सुटण्यासाठी जितका धडपडतो तितका अधिक रुततो. कातडी सोलवटते, पाय मोडतो, आणि तहानेने व थकव्याने प्राण जावयास कित्येक तास, कधी दिवसही लागतात. तोवर घरातील कोणी तो पुठ्ठा दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकलेला असतो आणि “आम्ही काही त्याला मारले नाही” असे समाधान मानलेले असते. हे समाधान खोटे आहे. डोळ्यांआड झाल्याने हिंसेची अहिंसा होत नाही. उलट पाहावयास नको म्हणून जी पाठ फिरविली, तीच मन आतून जाणत असल्याची साक्ष होय. इंग्लंडने २०२२ मध्ये खास कायदा करून असे पुठ्ठे लावण्यास सामान्य लोकांना बंदी केली व २०२४ पासून ती अमलात आणली. ज्यांच्या घरी भूतयज्ञ नाही, त्यांना हे सुचले.

उंदीर घरात सुखाने नांदू द्यावेत, असे येथे सुचवावयाचे नाही. धान्य राखणे आणि लेकराबाळांना रोगापासून जपणे हाही गृहस्थाचा धर्मच आहे. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस प्राणघातक ठरू शकतो. तेव्हा बिळे बुजवावीत, धान्य झाकणाच्या डब्यात ठेवावे, जुन्या पद्धतीचा पिंजरा लावावा. संतचरित्रातील एकनाथांची कथा आपण सर्वजण भक्तीने सांगतो: रामेश्वराला वाहावयाचे गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. पण त्या गाढवाने नाथांचे काही बिघडविले नव्हते. आपले बिघडविणाऱ्या जीवाशी कसे वागावे, हा प्रश्न अधिक कठीण आहे.

त्याचे उत्तर मला काशीतील मंगलागौरीच्या सान्निध्यात सापडते. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, अरुंद गल्लीत हे स्थान आहे. येथे सूर्याने तप केले व गभस्तीश्वराची स्थापना केली, असे काशीखंड सांगते. या भागात दुर्गाघाट, ब्रह्माघाट येथे महाराष्ट्रीय घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. श्रावणातील मंगळवारी नवविवाहिता मंगळागौर पूजितात आणि कहाणी ऐकतात. त्या कहाणीत नवऱ्या मुलाला डसण्यासाठी सर्प येतो. ती वधू काय करते? ती ओरडत नाही, काठी शोधीत नाही. सर्पापुढे दूध ठेवते. तो कऱ्ह्यात शिरताच आपल्या चोळीने त्याचे तोंड बांधून टाकते. पती वाचला आणि सर्पही वाचला. इतक्या बायका इतकी वर्षे ही कहाणी ऐकत आल्या. तिच्यातील हा भाग मात्र कोणी मुद्दाम उलगडून सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

आता जखमी जीवाविषयी. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. घायाळ झालेल्या शत्रूवर आपल्या राज्यात उपचार करावेत, किंवा त्याला त्याच्या घरी पोहोचवावे, असे त्यात आले आहे. सशस्त्र शत्रू आणि जखमी शत्रू हे एकाच देहात असले तरी धर्माच्या दृष्टीने दोन आहेत. उंदीर, माकड, साप यांना आपण ‘उपद्रवी’ म्हणतो. पण उपद्रव ही त्यांची जात नव्हे, तो आपला व त्यांचा त्या वेळेपुरता संबंध आहे. ज्या क्षणी तो जीव पळण्यास असमर्थ झाला, त्या क्षणी तो संबंध सुटला आणि दुसरा जडला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत भूतांवरील दया आली आहे. भाषांतर करताना हा शब्द मला नेहमी अडवितो. मराठीत ‘भूत’ म्हटले की पिशाच आठवते. मुळात मात्र जे जे अस्तित्वात आले ते सर्व भूत. त्यात उपयोगी आणि उपद्रवी अशी वाटणी नाही.

येथे एक कठीण शंका उरते. जगण्याची आशाच नसेल तर? १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते. वैद्यकीय उपाय संपल्यावर गांधीजींनी डॉक्टरांकडून, स्वतःसमक्ष, विषाची सुई देऊन त्याचा अंत करविला व ती गोष्ट जाहीरपणे लिहिली. देशभर संताप उसळला. त्या निर्णयाशी माझे परंपरागत मन आजही पूर्ण सहमत होत नाही. परंतु ते वासराजवळ उभे राहिले, जाणत्यांना विचारले, जबाबदारी स्वतःवर घेतली. पुठ्ठा दुमडून फेकणाऱ्याला त्यांच्यावर टीका करण्याचा अधिकार पोहोचत नाही. मरणोन्मुख प्राणी पशुवैद्याकडे न्यावा. निर्णय तज्ज्ञाने घ्यावा, आपण जवळ असावे.

गोंदाला चिकटलेला उंदीर ओढू नये. हातात जाड कापड घेऊन चिकटलेल्या पायांवर खाण्याचे तेल थेंबथेंब सोडीत राहावे. काशीत मोहरीचे तेल घरोघर असतेच. गोंद सैल पडला की तो सुटतो. नंतर त्याला अंधाऱ्या खोक्यात निवांत ठेवून सायंकाळी वस्तीबाहेर सोडावे आणि हात साबणाने धुवावेत. साप घायाळ दिसला तर त्यास हात लावू नये. नाग, धामण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, वनखात्याला कळवावे. विजेच्या तारेचा धक्का बसून माकड गच्चीवर पडले, तर दया कितीही दाटून आली तरी जवळ जाऊ नये. त्याचा कळप सभोवार असतो आणि तो चवताळतो. दारे-खिडक्या लावून, मुलांना आत घेऊन वनखात्याला किंवा महापालिकेला बोलवावे. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

संक्रांतीच्या सुमारास काशीच्या आकाशात पतंग दाटतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी पंख कापलेले कबुतर किंवा घार अंगणात येऊन पडतेच. मांजा ओढून काढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि मांसात रुतलेला तुकडा वैद्यासाठी तसाच ठेवावा. पक्षी मूर्च्छित असला की घरातील वडीलधारे श्रद्धेने त्याच्या चोचीत गंगाजल घालू पाहतात; ते श्वासनलिकेत जाऊन त्याचा प्राण जाऊ शकतो. गंगाजल हवेच असेल तर ते पेटीवर शिंपडावे. पेटीला भोके पाडून, तळाशी मऊ कापड अंथरून, ती शांत व उबदार जागी ठेवावी. रात्र झाली असेल तर सकाळपर्यंत तशीच राहू द्यावी आणि मुलांना पुन्हा पुन्हा झाकण उघडू देऊ नये.