सायीचे सूप आणि पाल्याचा रस्सा

इ.स. १२२३. चीनमधल्या, आजच्या निंगबो बंदरात नांगरलेल्या एका जपानी जहाजावर एकसष्ट वर्षांचा भिक्षू सुकी अळंबी विकत घ्यायला आला. आयुवांग पर्वतावरच्या मठातला तो आचारी. दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्याची पंचमी, मठात नूडल्सचा रस्सा करायचा आणि अळंबी तर नाही! म्हणून गडी वीसेक किलोमीटर पायपीट करून आला होता. जहाजावरच्या दोगेन या तरुण जपानी भिक्षूंनी त्याला रात्रीपुरते थांबायचा आग्रह केला. म्हातारा ऐकेना. मग दोगेन यांनी मनातले विचारून टाकले : या वयात ध्यान, ग्रंथ सोडून चुलीपुढे कशाला राबता? म्हातारा मोठ्याने हसला. साधना कशाला म्हणतात हे पाहुण्याला अजून उमगलेले नाही, असे सुनावून तो परतीच्या वाटेला लागला.

दोगेन हा प्रसंग विसरले नाहीत. पुढे १२३७ मध्ये त्यांनी मठातल्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ लिहिले. त्यात ते बजावतात की रानपाल्याचा रस्सा करताना आचाऱ्याने नाक मुरडू नये आणि सायीचे उंची सूप करताना हरखूनही जाऊ नये.

सायच का? महापरिनिर्वाण सूत्रात उपदेशाच्या पायऱ्या दूधदुभत्यावरून सांगितल्या आहेत : क्षीर, दधी, नवनीत, घृत आणि सर्वांत वर सर्पिर्मंड, म्हणजे तुपाचेही सार. ही गोठ्यातली भारतीय उपमा बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचली. एखाद्या गोष्टीतली खरी गोडी सांगायला जपानी माणूस आजही ‘दाइगोमी’ म्हणतो, ते या सर्पिर्मंडावरूनच. दोगेन यांनीही दूधदुभत्यातलाच उंची पदार्थ उचलला आणि पाल्याच्या पंगतीला बसवला.

ही पंगत प्रत्यक्ष मांडून पाहायला शरदातला साधा लाल भोपळा घेऊ. जपानी काबोचा दोगेन यांनी पाहिलासुद्धा नसेल. तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तिथे गेला. भोपळ्याच्या फोडी भट्टीत भाजल्या की पाणी उडते, गोडी दाट होते, कडा तांबूस होऊन खमंग वास सुटतो. शोजिन, म्हणजे मठातल्या शाकाहारी स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटायचे कारण नाही. शोजिनचा आधार कोम्बू हे समुद्रशेवाळ आणि सुकी शिताके अळंबी यांच्या पाण्याचा. सुरिबाची या आतून खाचा असलेल्या मातीच्या खलात भाजी घोटून या पाण्यात सैल केली की तिला ‘सुरिनागाशी’ म्हणतात. भोपळ्यातला स्टार्च आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात आणि थेंबभर दूध न घालता जिभेवर साय उतरते.

म्हणजे साय की पाला हा प्रश्न मिटला? उलट, इथेच तो अवघड होतो. भोपळ्याचे कौतुक तो सायीसारखा लागला म्हणून होत असेल, तर मनातली उतरंड जागच्या जागी आहे. तिच्या माथ्यावर साय आहे आणि भोपळा फक्त दोन पायऱ्या वर चढला. दोगेन यांची कसोटी दुसऱ्या दिवशी लागते, भोपळा पाणचट निघतो आणि टोपलीत नुसती देठे उरतात तेव्हा.

समत्वाच्या नावाखाली बेचव खपवायची सोयही त्यांनी ठेवलेली नाही. सहा रसांचा तोल साधला पाहिजे, तांदळातला खडा स्वतः वेचला पाहिजे, धुण्याच्या पाण्याबरोबर दाणा वाहून जाता कामा नये, अशा बारीकसारीक गोष्टींनी हे पुस्तक भरले आहे. आचाऱ्याच्या अंगी आईबापांची माया हवी, असेही ते सांगतात. पदार्थाची प्रतवारी मनातून काढायची, पण कामाची प्रत तसूभरही उतरू द्यायची नाही. या दोन गोष्टी एकत्र मागणे हेच या शिकवणीतले खरे कठीण आहे. निर्विकार मनाने वाईट स्वयंपाक कुणालाही जमतो.

तो जमवणारा माणूस दोगेन यांना मायदेशीच भेटला. १२२७ मध्ये चीनहून परतल्यावर ते क्योतोच्या केन्निन्जी मठात राहिले. तिथेही आचाऱ्याचे पद होते. पण तो महाशय आपल्या खोलीत लोळत किंवा गप्पा छाटत बसे आणि भांड्यात काय शिजते आहे हे पाहायला एकदाही चुलीजवळ जात नसे.