उपमेय कुठे गेलं?

भिलाईच्या सेक्टर ६ मधली जामा मशीद समोरून पाहिली की तिच्या रचनेत अरबी अक्षरं दिसतात: या अल्लाह. ती भिंतीवर मागाहून रंगवलेली नाहीत, इमारत उभी राहतानाच घडली आहेत. ती काढायची म्हटली तर मशीदच पाडावी लागेल. कवितेतल्या अलंकारांविषयी हजारभर वर्षं जो वाद चालला, तो याच प्रश्नाभोवती. अलंकार काढून घेतला तर मागे कविता उरते का?

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. भामह, दंडी, रुद्रट यांच्या हातून यादी वाढत गेली आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ती शंभराच्या पुढे पोचली. पंडितांनी उगाच कीस काढला, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. व्याख्या नीट लावून पाहिली तर मनाची फार बारीक हालचाल तिच्यात सापडते.

आमच्या भिलाईचंच उदाहरण घेऊ. पोलाद कारखान्यात तापलेला स्लॅग ओतला की रात्रीचं आकाश एका अंगानं लाल होतं. ‘आकाश पहाटेसारखं लाल झालं’ ही उपमा. आकाश उपमेय, पहाट उपमान, लाली हा साधारण धर्म आणि ‘सारखं’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही अंगं जागच्या जागी आहेत आणि पाहणाऱ्याला पुरतं भान आहे की आकाश वेगळं, पहाट वेगळी. ‘जणू पहाटच झाली’ म्हटलं की उत्प्रेक्षा. मन पहाटेकडे झुकलंय, पण ‘जणू’नं त्याला अजून धरून ठेवलंय. ‘हे आकाश म्हणजे रातपाळीची पहाट’ या रूपकात तो आधारही सुटतो. ‘हे आकाश नव्हेच, पहाट आहे’ या अपन्हुतीत तर डोळ्यांसमोरची वस्तूच नाकारली जाते. आणि कोणी नुसतं म्हणालं, ‘रातपाळीला पहाट मध्यरात्रीच भेटली’, तर? आकाशाचं नावच नाही. उपमानानं उपमेय गिळून टाकलं. मम्मटासारख्या शास्त्रकारांनी हा अतिशयोक्तीचा एक प्रकार मानला. शाळेत मात्र अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं, एवढंच पदरात पडतं आणि या शास्त्रातली सर्वांत धीट कल्पना मुलांपर्यंत पोचतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं वादाला निर्णायक वळण दिलं. काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, असं सांगताना त्यानं अलंकारासाठी एक कसोटी ठेवली: रसात बुडालेल्या कवीला जो वेगळे कष्ट न घेता सुचतो, तोच खरा. मम्मटानं पुढे जाऊन, अलंकार क्वचित नसला तरी काव्य होतं, असं म्हटलं. ‘चंद्रालोक’कार जयदेवाला ते मुळीच पटलं नाही, अलंकाराविना काव्य मानणाऱ्यानं उष्णतेविना अग्नीही मानावा, असा त्याचा टोला आहे. दोघांपैकी मी मम्मटाच्या बाजूचा. पण आनंदवर्धनाची कसोटी त्याहूनही खोल जाते, कारण ती अलंकार आहे की नाही हे न विचारता तो आला कसा, हे विचारते.

मराठीत मोरोपंतांनी या कारागिरीचं टोक गाठलं. त्यांची एकशेआठ रामायणं हा भाषेवरच्या हुकमतीचा विक्रम आहे, पण तिथे कष्ट दिसत राहतात. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) आल्या, तोवर अलंकाराची जागा प्रतिमेनं घेतली होती.

आणि मग आमच्या शेजारचे गजानन माधव मुक्तिबोध. घर मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. स्वतः मात्र हिंदीत लिहिणारे. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. राजनांदगाव तेव्हा भिलाईच्याच दुर्ग जिल्ह्यात होतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा मुक्तिबोध तिथून तासाभराच्या वाटेवर होते. राजनांदगावात ते दोन तळ्यांमधल्या जुन्या राजवाड्यात राहत. तिथला चक्राकार जिना आजही दाखवतात.

‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी निर्मितीचे तीन क्षण मांडले. पहिला, उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि फॅन्टसी होऊन समोर उभा राहतो. तिसऱ्यात ती फॅन्टसी शब्दांत उतरू लागते, आणि उतरता उतरता स्वतःच बदलते. त्यांची ‘ब्रह्मराक्षस’ घ्या. ओसाड विहिरीत बसून अंगावरचा मळ अखंड घासणारा तो विद्वान पिशाच कशाचं उपमान? बुद्धिजीवी वर्गाचं म्हणावं, तर कवी स्वतःच त्याचा शिष्य व्हायला निघतो. कवीचंच म्हणावं, तर हजारो वर्षांची विद्या त्याच्या तोंडी आहे. उपमेयावर बोट ठेवता येत नाही, कारण या गोष्टीला ब्रह्मराक्षसाखेरीज दुसरं नावच नव्हतं.

इथे आनंदवर्धनाची कसोटी पुन्हा लावावीशी वाटते आणि ती अडते. मुक्तिबोध दीर्घ कविता वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत. कष्ट तर उघड आहेत. पण ते जिथे पडतात ती जागा मोरोपंतांहून वेगळी आहे. तयार अर्थाला यमकात बसवण्यासाठी ते नाहीत. अर्थ कोणता आहे हेच कवीला त्या खाडाखोडीतून कळत जातं.