हत्तिणीला कोण हवं?

मामा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, भाची कॉलेजात. मथुरेजवळ सुटका झालेल्या हत्तींचं केंद्र आहे. पंजाब मेलनं तिथं जाऊन पंधरा दिवस काम करायचा तिचा बेत आहे.

मामा : जा की. पण नेमकं कोणासाठी चाललीस?

भाची : हत्तींसाठी. कुणी सर्कशीत राबलेले, कुणी भीक मागत रस्तोरस्ती फिरलेले. 2010 पासून त्यांना तिथं आसरा मिळतोय.

मामा : कोल्हापूरकडच्या नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीवरही लोकांचा जीव होता. तीस वर्षांहून जास्त सांभाळलं तिला. जुलै 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशानं तिला जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात नेलं, तेव्हा गाव रडलं. पुढे नांदणीहून कोल्हापूरला पायी मोर्चा गेला. त्यांच्यापेक्षा तुझी पंधरा दिवसांची माया मोठी?

भाची : मुळीच नाही. जोतिबाच्या देवळातल्या सुंदर हत्तीचं प्रकरण सोपं होतं. साखळदंड होते, मार होता. 2014 मध्ये त्याला बन्नेरघट्ट्याच्या प्राणी उद्यानात हलवलं. महादेवीचं अवघड, कारण तिथं माया होती. पण हत्तीण कळपात जगणारी. आई, मावश्या, बहिणी आणि पुढं थोरली. भक्तांनी तिला सगळं दिलं, दुसरी हत्तीण तेवढी देता आली नाही.

मामा : म्हणजे त्यांची माया आंधळी. तुझी डोळस कशावरून? तुलाही सोंडेवर हात फिरवावासा वाटेल, फोटो काढावासा वाटेल.

भाची : म्हणूनच चांगल्या केंद्रात स्वयंसेवकाला हत्तीला हात लावू देत नाहीत. फळं चिरायची, लीद उचलायची, लांबून नोंदी ठेवायच्या. बाकी माहूत बघतो.

मामा : ते काम तिथला मजूर तुझ्यापेक्षा चोख करेल. अशा बऱ्याच ठिकाणी उलट स्वयंसेवकच पैसे भरतो. तेच पाठवून दे, त्याची मजुरी निघेल. आणि सेवाच करायची, तर आपल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते बघ. हत्ती दिवसाला शंभर लिटरच्या वर पितो.

भाची : आपलं पाणी काही हत्तीनं पळवलं नाही, मामा. पण मजुराचं म्हणणं पटलं. हत्तीला माझी गरज नाही.

मामा : मग?

भाची : गरज मला आहे. उद्या कुणी वरातीला हत्ती आणायचं काढलं, तर शोभेचं कौतुक करणारे पुष्कळ असतील. त्याच्या तळपायाच्या जखमा पाहिलेलं एक तरी माणूस तिथं हवं.

मामा : म्हणजे ही सेवा नव्हे, शिकवणी. त्यासाठी जायबंदी जीव वापरायचा. मिरवणुकीतही तो वापरलाच जात होता.

भाची : टोचलं. पण मिरवणुकीत त्याला चालावंच लागतं. माझ्या शिकण्यासाठी त्याला काही करावं लागू नये. माझ्यामुळे त्याचा दिवस जरा जरी बदलला, तरी मी तिथं नको.

मामा : नांदणीजवळच महादेवीसाठी केंद्र उभारायचा प्रस्ताव पुढे आला होता. ती परत आली, तर गावालाही हाच नियम? पूजा नाही, मिरवणूक नाही, लांबून बघायचं?

भाची : गावालाही हाच.

मामा : तीस वर्षं सांभाळणाऱ्याला आणि पंधरा दिवस आलेल्याला एकच माप? हा न्याय नाही.

भाची : माणसांमाणसांत नसेल. पण ते माप माणसांच्या हक्काचं नाही, तिच्या सुखाचं आहे.

मामा : पटलं असं म्हणत नाही. तिकीट काढ. फक्त नांदणीचा माणूस कधी भेटला, तर हे सांगण्याआधी त्याचं सगळं ऐकून घे. तीस वर्षांचं आहे, वेळ लागेल.