तपासणी कुणाच्या जिवावर?

बाळकुमहून काशेळीचा पूल ओलांडून आम्ही रोज भिवंडीच्या बाजूला शाळेत जातो. शाळा उर्दू माध्यमाची. तिथल्या संगणक कक्षात कुणाकुणाकडून मिळालेले नऊ जुने संगणक आहेत. विकतची प्रणाली परवडत नाही, म्हणून त्यांवर आम्ही डेबियन ही मोफत आणि खुली प्रणाली बसवली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही याच डेबियनच्या पायावर उभी आहे.

डेबियन एकाच वेळी तीन रूपांत मिळते. नवा प्रोग्रॅम आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतो. काही दिवस गंभीर दोष निघाला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये जातो. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगमध्ये नवी भर घालणे थांबवतात, उरलेले दोष काढतात, आणि तिचीच ‘स्टेबल’ होते. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातली नावे देतात. अनस्टेबलचे नाव मात्र कायम एकच, सिड. चित्रपटात सिड म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा!

2022 साली स्टेबल होती अकरावी, ‘बुल्सआय’. आम्हांला ती शिळी वाटली. नव्यात नस्तालीक अक्षरे अधिक चांगली दिसतील अशी आशा होती, आणि खरे सांगायचे तर थोडी हौसही होती. नऊच्या नऊ संगणकांवर टेस्टिंग चढवली. प्रथम सत्राचे गुण भरायच्या आठवड्यात अपडेट केले आणि सहा पडदे काळे. गुण वहीत होते म्हणून निभावले. पण घाईघाईत प्रणाली पुन्हा बसवताना सातवीच्या मुलींनी पंधरा दिवस खपून केलेले काम पुसले गेले. त्यांतल्या एकीने शांतपणे विचारले, “सर, आपको मालूम था के बिगड़ सकता है?”

मालूम था. तेच तर बोचते.

नव्याची परीक्षा घेणे गुनाह नाही. स्वतःच्या यंत्रावर सिड चालवणारा माणूस जाणूनबुजून जोखीम घेतो, मोडले तर तोच निस्तरतो. आम्ही जोखीम घेतली ती मुलींच्या मेहनतीवर, आणि ती मेहनत आमच्याकडे अमानत होती. त्यांची इजाजत घ्यावी हे सुचलेसुद्धा नाही.

मग सगळ्यांनीच स्टेबलवर बसावे का? 2024 च्या मार्चमध्ये काय घडले ते पाहा. फायली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात कुणीतरी चोरवाट घालून ठेवली होती. त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ त्याने प्रकल्पातल्या लोकांचा विश्वास कमावला होता. ही चोरवाट डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोहोचली, स्टेबलमध्ये नाही. ती सापडली आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला. सिडवर काम करताना दूरच्या यंत्रात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून तो मुळापर्यंत गेला. तो सिडवर नसता तर? स्टेबलवाल्यांची झोप अशा कुणाच्या तरी जागरणावर चालते. आणि स्टेबल म्हणजे निर्दोष असेही नाही. 2006 मध्ये डेबियनच्या ओपन-एसएसएलमध्ये झालेल्या एका बदलाने गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या. ती चूक स्टेबलमध्ये शिरली आणि 2008 च्या मेपर्यंत उघड झाली नाही.

हे सारे वाचताना आम्हांला आमचे बी.एड. आठवले. सराव पाठ आम्ही खऱ्या मुलांवरच घेतले की! मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले, फळ्यावर आमचा अपूर्णांकांचा गोंधळ, आणि समोर चाळीस मुले, ज्यांचा तो तास पुन्हा येणार नव्हता. त्यांना कुणी विचारले नव्हते. तरी त्या तासांशिवाय आम्ही शिक्षक झालो नसतो. कुठलाच शिक्षक कारखान्यातून स्टेबल होऊन येत नाही. तेव्हा त्या मुलांचे देणे आमच्यावर आहे हे कबूल. ते फेडायचे कुणाला, हे मात्र आम्हांला अजून उमगलेले नाही.

आता आठ संगणकांवर स्टेबल आहे. नववा आमच्या टेबलावर, टेस्टिंगचा. त्यावर मुलांची एकही फाइल ठेवत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये तेरावी, ‘ट्रिक्सी’, आली तेव्हा प्रश्न विचारणारी ती मुलगी दहावीत होती. म्हणाली, “सर, नौवें पर मुझे बैठने दो. बिगड़ा तो बिगड़ा.” आम्ही म्हणालो, बोर्डाची परीक्षा होऊ दे, मग पाहू. ती रुसून निघून गेली.