मागणारा कोण, यावरून वाट

जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये पत्त्यांची यादी वरून खाली वाचली जाते, पहिली जुळणारी ओळ लागू होते. पण यादीच्या आधी मिडलवेअर बसतं, म्हणजे प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो थर. तिथे विनंतीला दुसरी ‘यूआरएलकॉन्फ’, म्हणजे पत्त्यांची दुसरी यादी, चिकटवली, की तेवढ्या विनंतीपुरती मूळ यादी बाजूला पडते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्यासाठी मी हेच केलं. ज्या खरेदीदाराची थकबाकी आहे, त्याने आजच्या सौद्याचे दर मागितले तरी समोर बिलच यावं. मागणी तीच, फक्त मागणारा वेगळा.

मागणी सारखी असताना माणूस पाहून वाट बदलणं हा धर्म कधी असतो?

कोल्हापुरात हा प्रश्न पडला, की पंचगंगेच्या घाटावर जावंच लागतं. 1899 च्या कार्तिकात शाहू महाराज तिथे स्नानाला गेले होते. पुरोहित स्वतः आंघोळ न करता आला होता आणि वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. विचारल्यावर कळलं, शूद्राला वेदोक्त नाही. नदी तीच, स्नान तेच. मंत्र ठरला जन्मावरून. महाराजांनी आधी स्वतःचं क्षत्रियत्व पुढे केलं. तेवढ्यावर भागलं असतं तर अट तशीच उरली असती, फक्त एक घराणं तिच्या आत गेलं असतं. ते तिथे थांबले नाहीत. वेदोक्त नाकारणाऱ्या राजोपाध्यांचं वतन खालसा झालं, 1920 मध्ये ब्राह्मणेतर धर्मगुरूचं, क्षात्रजगद्गुरूचं पीठ उभं राहिलं.

थकबाकी भरता येते, जन्म भरता येत नाही. म्हणून जन्मावरची अट अधर्म, असं मी म्हणून टाकलं असतं. पण महाराजांचा 26 जुलै 1902 चा हुकूमही जन्मच पाहतो: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान 50 टक्के मागासलेल्या वर्गांना. मला हा हुकूम न्याय्य वाटतो, आणि का ते सांगायला हवं. नोकरीची मूळ यादी कधी सर्वांना सारखी नव्हतीच. जन्म तिने आधीच पाहिलेला होता, फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं. घाटावरची अट पुरोहिताच्या तोंडून, तीही विचारल्यावर बाहेर आली. महाराज विलायतेत असताना निघालेला हुकूम मात्र करवीर गॅझेटात छापला गेला, आणि ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सवलतीबाहेर राहतील, हेही त्यात स्पष्ट होतं. ज्याची वाट बदलणार होती त्याला ती अट वाचता येत होती, तिच्यावर आक्षेपही घेता येत होता.